गावाला कधी जावं?

हिंगोली जिल्ह्यातल्या गावांना कामानिमित्त भेटी देणाऱ्यांची एक ठरलेली ऋतुचर्या आहे. दिवाळीनंतर रस्ते वाळतात, जानेवारीपासून निधी खर्ची टाकण्याची घाई सुरू होते आणि मार्चअखेरपर्यंत गाड्यांची वर्दळ थांबत नाही. योजनेची पाहणी, प्रकल्पाचं मूल्यमापन, बँकेची वसुली, विद्यापीठाचं सर्वेक्षण, संस्थेच्या देणगीदारांचा दौरा हे सगळं याच तीन-चार महिन्यांत उरकलं जातं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ही वर्दळ ओसरते. मग थेट अतिवृष्टीचे पंचनामे किंवा दुष्काळाची पाहणी निघाली तरच साहेबलोक दिसतात. गावभेटी आणि त्यांचे अहवाल हेच काम असलेल्या माणसाला हा क्रम इतका अंगवळणी पडतो, की तो कोणी ठरवला हा प्रश्नच पडत नाही. तो ठरवला आर्थिक वर्षाने, डांबराने आणि आपल्या सोयीने. गावाने ठरवलेला नाही. गावाबद्दल आपल्या कागदांत जे चुकतं, त्यातलं बरंचसं खोट्या हेतूने किंवा आळसाने चुकत नाही, महिना चुकल्यामुळे चुकतं, असं माझं मत या कामातून बनत गेलं आहे. शेतीवर जगणारं गाव समजून घ्यायचं असेल तर जुलैत जावं, आणि वर्षातून एकदाच जाणं होणार असेल तर जुलैतच जावं, एवढंच मला मांडायचं आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेपही वजनदार आहेत. त्यांचाही विचार करू.

आधी जिल्ह्याचं वर्ष कसं चालतं ते पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाचच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास, आणि शंभरातली पंच्याऐंशी माणसं खेड्यांत राहणारी. जिल्हा लहान असला तरी एकजिनसी नाही. वसमतच्या बाजूला पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी, भारी काळी जमीन, ऊस, केळी आणि हळद. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या डोंगरपट्ट्यात उताराची, हलकी, मुरमाड रानं, पावसाच्या भरवशावरचं सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, आंध आदिवासींच्या वाड्या आणि बंजारा तांडे. या दोन्ही भागांचं वर्ष एका चालीने चालत नाही. सोयाबीन जूनअखेर पेरलं की दसरा-दिवाळीच्या आत निघतं आणि कोरडवाहू माणसाचं वर्षाचं उत्पन्न तिथेच जवळपास ठरून जातं. हळदीचं बेणं मे-जूनमध्ये जमिनीत जातं, पीक आठ-नऊ महिने रानात उभं राहतं, जानेवारीपासून काढणी लागते आणि शिजवून, वाळवून, ढोलात पॉलिश करून माल मोंढ्यावर जाईपर्यंत उन्हाळा निम्मा सरतो. म्हणजे पाणी असलेल्याचा सुगीचा काळ आणि पाणी नसलेल्याचा सुगीचा काळ यांत चार-पाच महिन्यांचं अंतर आहे. आपण कोणत्या महिन्यात गावात पाऊल टाकतो, यावर आपल्याला कोणाचं गाव दिसणार हे त्यामुळेच ठरतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोलीचं कोणतंही बागायती गाव पाहावं, ते सुखवस्तू दिसतं. शेतात हळद शिजवायचे कुकर धडधडत असतात, अंगणात आणि माळावर पिवळा माल पसरलेला असतो, हिंगोली-वसमतच्या बाजारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे पाहुण्याला दाखवायला एक यशोगाथाही हाताशी आहे. यातलं काही खोटं नाही. हळदीने या भागात पैसा आणला, हे उघड आहे. पण हळद लावायला पाणी लागतं, बेण्याला, खताला, मजुरीला एकरी मोठं भांडवल आधी घालावं लागतं आणि ते अडकवून नऊ महिने थांबायची ऐपत लागते. मार्चमध्ये जे अंगणात पसरलेलं दिसतं ते ही ऐपत असणाऱ्यांचं वैभव. ज्यांना ती नाही, त्यांच्यातले पुष्कळ जण त्या वेळी गावातच नसतात. डोंगरपट्ट्यातल्या तांड्यांवरून आणि वाड्यांमधून दिवाळीनंतर ऊसतोडीला जोड्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत कारखान्याच्या फडावरचा मुक्काम. कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातं, कोणी वीटभट्टीवर. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. तांड्यावर कुलपं दिसली की दौऱ्यावरचा माणूस पुढच्या घराकडे वळतो, आणि 'कुटुंब उपलब्ध नाही' एवढ्या तीन शब्दांत त्या गावाची सगळ्यांत गरीब बाजू अहवालातून गळते. जी घरं उघडी आहेत त्यांचीच सरासरी मग गावाची सरासरी ठरते.

हे एखाद्या उतावळ्या सर्वेक्षणापुरतं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण देशाची सगळ्यांत मोठी मोजणीही याच महिन्यांत होते. २०११ ची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, आणि येणाऱ्या जनगणनेसाठीही बहुतेक देशाकरता १ मार्च २०२७ हीच संदर्भतारीख जाहीर झालेली आहे. मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसतो त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजावं, हा नियम रास्त आहे. फेब्रुवारी निवडण्यामागेही कारणं आहेत. कोरडी हवा, शेतीची त्यातल्या त्यात कमी लगबग, शाळाशिक्षक हाताशी. देशपातळीवर बेरीज बरोबर येत असेलही. पण सेनगाव तालुक्यातला तांडा जेव्हा फेब्रुवारीत मोजला जातो, तेव्हा त्याची धडधाकट माणसं दुसऱ्या जिल्ह्याच्या, प्रसंगी दुसऱ्या राज्याच्या फडावर असतात. तिथल्या पालांपर्यंत प्रगणक पोहोचला तर ती तिथली म्हणून धरली जातात, नाही पोहोचला तर कुठलीच धरली जात नाहीत. अंगणवाडी, पाणीयोजना, गावाला येणारा निधी हे पुढे ज्या लोकसंख्येवर ठरतं, ती लोकसंख्या अशी आहे. सरकारी यंत्रणेला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. महिन्याची निवड तांत्रिक बाब वाटते, पण कोणाची गणना होणार आणि कोणाची नाही, हे तीच ठरवून जाते. एवढंच यातून घ्यायचं.

आता तेच गाव जुलैत पाहू. उसाला गेलेली माणसं उन्हाळ्यातच परतलेली असतात आणि पेरणीसाठी घरी असतात. पोरं शाळेत असतात. पेरणी झालेली असते किंवा अडलेली असते. दोन्ही स्थितींत घरातला पैसा रानात गेलेला असतो आणि तिथून अजून काहीच परत आलेलं नसतं. हा कर्जाचा महिना. बँकेचं पीककर्ज 'नवं-जुनं' करायचं, म्हणजे कुठून तरी हातउसने घेऊन जुनं खातं भरायचं आणि नवं उचलून ते हातउसने फेडायचे, हा व्यवहार या दिवसांत गावोगाव चालतो. त्या मधल्या काही दिवसांसाठी जो पैसा देतो त्याचं व्याज कोणत्याही बँकेच्या वहीत येत नाही. कृषी सेवा केंद्रावर उधारी चालू असते. डीएपी मागितलं तर त्याबरोबर नको असलेली एखादी बाटली किंवा पुडा घ्यावाच लागतो. त्याला शेतकरी 'लिंकिंग' म्हणतात आणि त्याच्या तक्रारी दर खरिपात होतात. बियाण्याचंही तसंच. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडाभर झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. पण ज्या रानात बियाणं वाया गेलं तिथे लोकांनी दुबार पेरणी केली आणि ऑक्टोबरात तिथेही सोयाबीन उभंच होतं. दिवाळीनंतर आलेल्या पाहुण्याला त्या रानाचा उतारा थोडा कमी वाटला असेल, त्यापलीकडे काहीही दिसलं नसेल. दोनदा विकत घेतलेलं बियाणं, दोनदा दिलेलं पेरणीचं भाडं आणि त्यासाठी काढलेली उसनवारी यांची खूण जुलैतच असते. पुढे पीक तिला झाकून टाकतं.

मार्चमध्ये जाऊन जुलैबद्दल विचारता येत नाही का? विचारता येतं, आणि आपण तेच करत असतो. पण उत्तरं बदललेली असतात. हिंगोलीत सोयाबीनचा हिशेब लोक एकरापेक्षा बॅगेवर सांगतात. एका बॅगेचं बी टाकलं, त्यावर किती क्विंटल झालं, असा उतारा. हा हिशेब काढणीच्या तोंडावर विचारला तर नेमका मिळतो. चार महिन्यांनी विचारला तर 'झालं बॅगेला सहा-सात' अशी गोळाबेरीज मिळते. खर्चाचंही तेच. खुरपणीच्या बायकांना किती दिवस किती रुपये रोज दिला, हे श्रावणापर्यंत आठवतं, होळीपर्यंत एका गोल आकड्यात विरघळतं. भावाचं तर विचारूच नये. २०२३ च्या उन्हाळ्यात क्विंटलला सहा-सात हजारांच्या आसपास असलेली हळद पावसाळ्यात दहा हजारांच्या पुढे गेली. त्यानंतर गावात गेलेल्याला जिकडेतिकडे चढ्या भावाचीच चर्चा ऐकू आली असणार. पण पेरणीच्या गरजेपोटी ज्यांनी एप्रिल-मेमध्येच माल विकला होता, त्यांच्या हाती आधीचाच भाव पडला. तेजी मिळाली ती माल थोपवून धरू शकणाऱ्याला आणि व्यापाऱ्याला. सोयाबीनचं उदाहरण याहून साधं आहे. २०२४-२५ साठी हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात त्याच्या कितीतरी खाली विक्री होत होती. सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागत होता. नोव्हेंबरात ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली गेली. तोवर दिवाळीसाठी, मळणीच्या मजुरीसाठी, उधारी तोडण्यासाठी लहान शेतकऱ्याने ओला माल आडतीवर टाकून दिलेला होता. 'हमीभाव मिळाला का' हा प्रश्न फेब्रुवारीत विचारला तर ज्याच्याकडे अजून माल आहे तो उत्तर देतो. ज्याच्याकडे उरला नाही, तो उसाच्या फडावर असतो.

ही तक्रार फक्त हिंगोलीची नाही. इंग्लंडच्या रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात ग्रामीण विकासाच्या नावाने होणाऱ्या धावत्या दौऱ्यांना पर्यटन म्हटलं आणि त्यातले कल एकेक करून दाखवले. पाहुणा डांबरी सडकेच्या काठाने फिरतो, जिथे योजना आहे तिथेच जातो, पुढाऱ्यांना आणि पुरुषांना भेटतो, अवघड प्रश्न सभ्यपणाने टाळतो, आपल्या विषयापुरतंच पाहतो आणि कोरड्या ऋतूत जातो. दोन वर्षं आधी त्यांनी इतरांसोबत संपादित केलेल्या ग्रंथात पावसाळ्याबद्दल जे मांडलं होतं ते मराठवाड्याला जसंच्या तसं लागू पडतं. घरातलं धान्य तळाला गेलेलं, काम सगळ्यांत जड, आजारपणं वाढलेली, कर्ज नव्याने घेतलेलं, आणि हे सगळं एकाच वेळी. चेंबर्स यांच्या यादीत ऋतू सहांपैकी एक आहे. हिंगोलीत मात्र तो बाकीच्या पाचांना आपल्याबरोबर ओढतो असं मला वाटतं. अकोला-हिंगोली-नांदेड महामार्गाच्या काठचं गाव बारा महिने दिसतं. तिथून आत, काळ्या मातीच्या पाणंद रस्त्याच्या टोकाला असलेली वस्ती पावसाळ्यात तुटते आणि म्हणून पावसाळ्यात कोणी जात नाही. रस्त्याचा प्रश्न ज्या महिन्यांत खरा असतो त्याच महिन्यांत तो पाहायला कोणी नसतं. आजारी माणसाला सडकेपर्यंत कसं नेतात, मुलं ओढा कसा ओलांडतात, खताची गोणी रानात कशी पोहोचते, हे मार्चमध्ये विचारायचं सुचतही नाही, कारण मार्चमध्ये त्याच रस्त्याने गाडी आरामात जाते.

पहिला आक्षेप शेतकऱ्यांच्या बाजूने येतो. पेरणी-कोळपणीच्या दिवसांत कोणाला वेळ आहे? अशा वेळी वही घेऊन जाणं म्हणजे त्यांच्या कामात लुडबूड नव्हे का? आक्षेप रास्त आहे. गावभेटीचा खर्च आपण आपल्या डिझेलमध्ये मोजतो, गावकऱ्याच्या बुडालेल्या रोजात मोजत नाही, ही या कामातली जुनी खोड आहे. पण मार्चमध्ये वेळ असतो हा आपला समज आहे. हळदीच्या गावात तेव्हा उसंत नसते. कंद वेचण्याचं काम बहुतेक बायकांचं आणि ते दिवसभर वाकून करायचं. शिजलेला माल उन्हात असताना अवकाळीचे ढग आले तर घरदार तो झाकायला धावतं. सकाळी अकराला येऊन 'महिलांची बैठक बोलवा' म्हणणाऱ्या पाहुण्याला जी बैठक मिळते तिच्यात रोजाने जाणारी एकही बाई नसते. उलट जुलैत काळ्या जमिनीचा स्वभावच उसंत देतो. झड लागली की रानात पाय घालता येत नाही, आणि पाऊस उघडला तरी वापसा येईपर्यंत ना कोळपं चालतं ना खुरपणी. ते एक-दोन दिवस बाप्ये, बायका, गडी, मजूर सगळे घरी असतात, आणि मन रानात असल्यामुळे बोलणंही रानाचंच निघतं. अडचण असते ती आपली. चिखलातून चालावं लागतं, मुक्काम करावा लागतो, आणि वापसा कधी येईल हे कार्यालयाच्या दौरा-कार्यक्रमात पंधरा दिवस आधी लिहिता येत नाही. 'शेतकऱ्याला वेळ नसतो' या वाक्याआड पुष्कळदा आपली ही गैरसोय उभी असते.

दुसरा आक्षेप मराठवाड्यात हमखास निघतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आम्ही काय परदेशातून आलो आहोत? आमचे आई-वडील अजून गावाकडे शेती करतात, आम्हाला जुलै काय ते सांगायला नको. हे खरं आहे. इथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांची, शिक्षकांची, कार्यकर्त्यांची नाळ शेतीशी जोडलेली आहे. त्यामुळे भाषा येते, पिकाचा रंग कळतो, थापा ओळखता येतात. शहरातल्या संशोधकाला दहा वर्षांत जे साधत नाही ते यांना उपजत असतं. पण घरच्या शेतीतून गाव कळतं ते आपल्या बांधावरून. पंधरा एकरवाल्याच्या मुलाला पीककर्ज नवं-जुनं करणं माहीत असतं, पण मुकादमाची उचल ही दुसऱ्याच्या आयुष्यातली गोष्ट असते. तांड्याचं वर्ष गावाच्या वर्षापेक्षा वेगळं चालतं, हे शेजारी राहूनही कळेलच असं नाही. शिवाय आपण शिकायला बाहेर पडलो तेव्हाचं गाव आणि आजचं गाव यांत सोयाबीन, तणनाशक, हळदीचे कुकर आणि खासगी वित्तकंपन्यांचे बचत गट येऊन बसले आहेत. त्रिंबक नारायण आत्रे सरकारी नोकरीत खेडोपाडी हिंडले आणि १९१५ मध्ये त्यांनी 'गावगाडा' प्रसिद्ध केला. तेही याच मातीतले होते, तरी ऋतूप्रमाणे गावात येणाऱ्या-जाणाऱ्या फिरस्त्यांना त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिलं. गाव म्हणजे तिथे कायम असणारी माणसंच, हे गृहीत धरायचं टाळलं म्हणून ते शक्य झालं. गावचा असणं ही पात्रता आहेच. तिच्यावर विसंबून भेटीचा महिना मात्र ठरवता येत नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा. उपग्रह पिकं पाहतो, २०२१ पासून शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीच्या अॅपवर पिकाची नोंद करतो, अनुदान थेट खात्यात जातं, पाऊस महसूल मंडळाच्या यंत्रात मोजला जातो. मग चिखल तुडवायचा कशाला? या साधनांनी पुष्कळ काम सोपं केलं हे मान्य करायला हवं. पण ती साधनं गटनंबर पाहतात, माणूस पाहत नाहीत. सातबारावर ज्याचं नाव तो शेतकरी. बटईने किंवा ठोक्याने जमीन कसणारा कागदावर नाही, कारण करार तोंडी असतो आणि जमीनमालकाला तो लिहायचा नसतो. पीक त्याचं, घाम त्याचा, पण विमा, अनुदान, नुकसानभरपाई मालकाच्या नावावर. बटईचा व्यवहार जाणून घ्यायचा तर पेरणीच्या दिवसांत रानात कोण आहे हे पाहणं हाच सरळ मार्ग आहे. मार्चमध्ये रान मोकळं असतं आणि उत्तर देणारा मालक असतो. पावसाच्या यंत्राचंही असंच. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली-परभणी-नांदेड भागात झालेल्या पावसासारखा प्रसंग कोणत्याही यंत्रात उमटतो. पण जुलैतली सलग दहा दिवसांची बारीक झड, जिच्यामुळे सोयाबीन पिवळं पडतं आणि तण मातून जातं, ती कोणत्याही एका दिवशी ती रेघ ओलांडत नाही. तिने पिकाचं काय केलं हे तिथे हजर असलेल्या माणसालाच नीट दिसतं.

सगळ्यांत कठीण आक्षेप शेवटचा आहे. जुलै हाही एकच महिना. त्यात गेलेल्याला सगळीकडे कर्ज आणि चिंता दिसेल. मार्चचा अहवाल फुगलेला, तर जुलैचा रडका, मग फरक काय पडला? एका महिन्याची भेट एकतर्फीच असणार, हे यात बरोबर आहे. त्यावरचा उपायही शेतीच्या अभ्यासातच सापडतो. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यातलं पालनपूर हे गाव १९५७-५८ पासून अर्थशास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा अभ्यासत आले आहेत. तिथे १९७४-७५ साल चांगलं पिकलं होतं आणि १९८३-८४ वाईट. ती दोनच वर्षं पाहिली असती तर गाव खालावत चाललं आहे असा निष्कर्ष निघाला असता. लांबचा पल्ला पाहिल्यावरच गावाबाहेरच्या कामधंद्याने कुटुंबांची घडी कशी बदलत नेली ते स्पष्ट झालं. आपल्या जवळचं उदाहरण अकोला जिल्ह्यातल्या कान्झरा गावचं. हैदराबादच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून निवडक गावांत माणूस मुक्कामी ठेवून, तीच कुटुंबं, काही आठवड्यांच्या अंतराने, वर्षभर विचारत राहण्याची पद्धत राबवली, त्या गावांत कान्झराही होतं. कुटुंबाचा हिशेब वर्षाच्या चढउतारासकट मिळतो तो अशाच पद्धतीने. सगळ्यांना हे परवडणार नाही. पण दोन भेटी परवडतात. तीच घरं जुलैत एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. फेब्रुवारीत जे घर बंद मिळेल ते बंद आहे हीच माहिती ठरेल, कारण जुलैत ते उघडं होतं आणि आत कोण राहतं हे ठाऊक आहे. आणि ज्याला खरोखर एकच भेट शक्य आहे त्याने जुलै निवडावा, कारण जुलैत सुखवस्तू घरंही गावात असतात आणि हलाखीतलीही. मार्चमध्ये दुसरी बाजू गैरहजर असते. गैरहजर माणसाची माहिती अंदाजाने भरता येत नाही. हजर माणसाची अतिशयोक्ती मात्र शेजारच्या घरी विचारून, वही पाहून, रान पाहून दुरुस्त करता येते.

घरं कोणती निवडायची, हेही नियमावर सोडावं. त्याचं उत्तर आपल्याच प्रशासनात आहे आणि त्याचा एक धागा मराठी माणसापर्यंत जातो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक निवडीने करण्याची पद्धत देशभर रुजवली. त्याआधीचा अंदाज म्हणजे डोळ्यांनी ठरवलेली आणेवारी. पीक कापणी प्रयोगात कोणतं रान घ्यायचं आणि त्या रानातल्या कोणत्या जागी चौकोन आखायचा, हे तलाठी किंवा सरपंच ठरवत नाही, आकड्यांचा तक्ता ठरवतो. मग त्या चौकोनातलं पीक कापून, मळून, वजन करायचं. चांगलं रान दाखवायची यजमानाची हौस आणि जवळचं रान पाहायची पाहुण्याची सोय, दोन्ही त्यातून वजा होतात. नजर पैसेवारी आजही सप्टेंबरअखेर निघते, पण तिची सुधारित आणि पुढे अंतिम आवृत्ती येईपर्यंत यंत्रणाच तिच्यावर विश्वास ठेवत नाही. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याची भरपाई कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर ठरू लागली. प्रयोगांत हस्तक्षेपाच्या तक्रारी होतात. त्या होतात कारण नियम ठरलेला आहे आणि तो मोडलेला ओळखता येतो. पिकाच्या बाबतीत आपण इतकी काळजी घेतो. ज्या माणसाने ते पीक काढलं त्याच्या घरी जाताना मात्र सरपंच नेतील त्या घरी बसतो, चहा घेतो आणि तेवढ्यावर निष्कर्ष काढतो. चाळीस वर्षं निघत गेलेल्या ग्रामविकासाच्या अहवालांना कापणी प्रयोगाइतकी शिस्त लावली असती तर त्यातली कितीतरी पानं वेगळी लिहिली गेली असती.

करण्याजोगं यातून फार अवघड नाही. कार्यालयांनी आणि संस्थांनी पाहणीचा निम्मा प्रवासभत्ता जून ते ऑगस्टसाठी राखून ठेवावा आणि तो मार्चकडे ढकलता येणार नाही असा नियम करावा. भेटीची घरं मतदार यादीवरून किंवा वस्तीच्या नकाशावरून चिठ्ठीने निवडावीत, तांडा आणि वाडी वगळली जाणार नाही अशा बेताने. अहवालाच्या पहिल्या पानावर भेटीची तारीख, वेळ आणि त्या दिवशी पाऊस होता की उघडीप होती हे लिहावं, आणि त्याखाली बंद घरांची संख्या. किती लोक भेटले हे आजही लिहिलं जातं. कोण भेटलं नाही आणि का भेटलं नाही, ही ओळ आली तर वरच्या साहेबांना आकड्याचं वजन आपोआप कळेल. ग्रामसभेला हजर असलेल्यांच्या सह्या घेतात, तशी गैरहजर कुटुंबांची यादीही ठेवावी, विशेषतः २६ जानेवारीच्या सभेत, जेव्हा कोयत्यावर गेलेली माणसं गावात नसतात. आणि फेब्रुवारी २०२७ ची मोजणी होण्याआधीच्या पावसाळ्यात तांड्यांवरच्या कुटुंबांची यादी ग्रामपंचायतीने करून ठेवली, तर प्रगणकाला बंद दारापाशी निदान एक नाव मिळेल. आणि ज्याच्या हाती यातलं काहीच नाही, फक्त स्वतःचा दौरा ठरवणं आहे, त्यानेही यंदाचा एक दौरा मार्चमधून काढून जुलैत टाकावा.